वहिनींची काठी: साडेपाच एकरांसाठी पहिला ट्रॅक्टर

दादाचा निरोप आला तेव्हा निर्णय जवळपास झालेलाच होता. ५० एचपीचा ट्रॅक्टर, मागे माती भुसभुशीत करणारा सहा फुटी रोटाव्हेटर, जमल्यास दोन फाळांचा नांगर. माझ्याकडे काम एवढंच होतं, "एकदा नजर टाकून जा." मी ट्रॅक्टर विकत नाही आणि दुरुस्तही करत नाही. अवजारांच्या चाचण्यांत काही वर्षं घालवली, तेवढाच माझा अधिकार. नजर टाकायला गेलो आणि चार दिवस राहिलो. त्या चार दिवसांत काय मोजलं, मी कुठे चुकलो आणि शेवटी काय आलं, त्याची ही नोंद.

शेत साडेपाच एकरांचं. त्यात तीन एकर मोकळं रान, मध्यम ते भारी मातीचं, वर्षाला दोन पिकं घेणारं. उरलेल्या अडीच एकरांत फळबाग, दोन ओळींमधलं अंतर ४ मीटर, एका कडेला चांगलाच उतार. राबणारी माणसं दोनच, दादा आणि वहिनी. आजवर सगळी मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर, फवारणी पाठीवरच्या पंपाने, आणि ओढकाम ज्याचं वाहन मिळेल त्यावर.

"कशासाठी हवाय?" मी विचारलं.

"सगळ्यासाठीच," दादा म्हणाला.

हे उत्तर आलं की ट्रॅक्टर मोठाच निघतो. 'सगळ्यात' वर्षातून एकदा येणारं सर्वांत जड काम धरलेलं असतं, आणि मग त्या एका कामाच्या मापाने वर्षभराचं ओझं घरी येतं. म्हणून मी आधी यंत्राचं बोलणं बाजूला ठेवलं आणि दादाची वही मागितली. दादाला पाऊस आणि कामं लिहून ठेवायची सवय आहे, तीही तारखेनिशी. तीन वर्षांच्या नोंदी होत्या. कंपन्यांच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा ती वही जास्त कामाची ठरली.

वहीत आम्ही एकच गोष्ट शोधली. पाऊस झाल्यावर रान वाफशावर, म्हणजे मशागतीजोग्या ओलीवर, कधी आलं, आणि भाड्याचा ट्रॅक्टर कधी आला. या रानात मोठ्या पावसानंतर साधारण चौथ्या दिवशी वाफसा येतो आणि तीन-चार दिवस टिकतो. मातीचा गोळा मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून टाकला आणि तो भुगा होऊन पसरला, की वाफसा. चपटा होऊन चिकटला तर थांबायचं, दगडासारखा घरंगळला तर उशीर झाला. ओल्या रानात रोटाव्हेटर घातला की पाती मातीला लिंपतात, खाली गुळगुळीत थर बसतो आणि वर वाळल्यावर विटा निघतात. उशिरा घातला तर ढेकळं फोडायला दुप्पट फेऱ्या आणि दुप्पट डिझेल.

तीन वर्षांत पेरणीपूर्व मशागतीच्या सहा वेळा होत्या. वाफशात ट्रॅक्टर आला होता दोनदा. भाड्यावाल्याचा दोष नाही. वाफसा सगळ्या शिवाराला एकाच दिवशी येतो, आणि पाच तासांच्या कामासाठी कोणी वीस तासांचं काम सोडून येत नाही. तीन एकरवाला रांगेत नेहमी मागेच असतो.

नांगरटीच्या नोंदी पाहिल्या तर चित्र वेगळं होतं. पीक निघालं की रान मोकळं पडलेलं असतं, आठ-दहा दिवस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. नांगरट या शेतात कधीच चुकली नव्हती. म्हणजे दादाच्या शेतात जड काम वेगळं होतं आणि घाईचं काम वेगळं, आणि ५० एचपीचा हिशेब जड कामावर बेतलेला होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच होती. बाकीचं गणित ही गाठ सोडवण्यापुरतं.

घाईच्या कामाला किती मोठं यंत्र लागतं? इथे एक साधं सूत्र आहे. अवजाराची रुंदी मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार, त्याला कार्यक्षमतेने गुणायचं आणि १० ने भागायचं. उत्तर येतं तासाला हेक्टर. कार्यक्षमता म्हणजे वळणं, एकावर एक येणाऱ्या पट्ट्या, अडकलेली काडी काढणं, हे सगळं वजा जाऊन उरलेला भाग. छोट्या तुकड्यात तो ०.७५ धरणं ठीक.

१.२ मीटरचा रोटाव्हेटर, वेग ताशी ३ किलोमीटर: तासाला ०.२७ हेक्टर, म्हणजे पाऊण एकराला थोडं कमी. तीन एकरांना साडेचार तास. दादाच्या मनातला १.८ मीटरचा रोटाव्हेटर घेतला तर तासाला एक एकर, म्हणजे तीन तास. दुप्पट ताकदीचं यंत्र घेऊन एका पाळीमागे वाचतो दीड तास, आणि तोही अशा ठिकाणी जिथे वाफसा तीन दिवस टिकतो. दादा त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसला.

"पण नांगर?" त्याने विचारलंच.

नांगराचं गणित मला आवडतं, कारण एचपीच्या आकड्याचा दबदबा तिथे उतरतो. एक फाळ ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल चालला तर मातीचा छेद होतो ६०० चौरस सेंटिमीटर. मध्यम-भारी मातीचा विरोध चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोच्या आसपास धरला, तर ओढ ३६० किलो. ताशी ४ किलोमीटर वेगाने ही ओढ खेचायला सुमारे सव्वापाच अश्वशक्ती (एचपी) पुरते. मऊ रानात इंजिनच्या ताकदीपैकी जेमतेम निम्मी ओढीपर्यंत पोहोचते असं मानलं, तरी एका फाळाला ११ एचपीचं इंजिन पुरायला हवं. मग छोटा ट्रॅक्टर नांगराला का दमतो? त्याला वजन पुरत नाही म्हणून. ट्रॅक्टर टायरच्या पकडीवर ओढतो, आणि चालत्या चाकांवर जेवढं वजन असेल त्याच्या साधारण ४० ते ४५ टक्के ओढ घट्ट रानात मिळते. त्यापुढे इंजिन कितीही असो, चाकं जागेवर फिरतात.

याच अडचणीवर आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञाने जन्मभर डोकं चालवलं. फोर्डसनसारख्या १९१७ नंतरच्या ट्रॅक्टरांमागे नांगर साखळीने नाहीतर आकड्याने ओढला जाई. फाळ खडकाला अडला की पुढची चाकं उचलायची आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटायचा. फर्ग्युसनच्या तीन बिंदूंच्या जोडणीचं पेटंट १९२६ चं. ती जोडणी घेऊन ट्रॅक्टर बाजारात आला १९३६ मध्ये, आणि फोर्डच्या कारखान्यातून तीच जोडणी असलेला ९एन ट्रॅक्टर निघाला १९३९ मध्ये. कल्पना अशी की नांगर हा ट्रॅक्टरचाच अवयव व्हावा. ओढ वाढली की नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर यावं, आणि टॉप लिंकने, म्हणजे तीन बिंदूंपैकी वरच्या दांड्याने, पुढचा भाग दाबून धरावा. हलका ट्रॅक्टर जड काम करू लागला तो त्यामुळे. आज सर्वांत लहान ट्रॅक्टरमागेही हीच जोडणी असते. म्हणूनच टॉप लिंकच्या जागी किंवा ॲक्सलला साखळी बांधून बुंधा ओढणं हा शुद्ध आत्मघात आहे. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारनेच, म्हणजे ओढायच्या पट्टीनेच.

आता पर्याय दोनच उरले होते. पहिला, नवा, २७ एचपीचा, चारही चाकांना ताकद देणारा, वजन १,००० किलो, रुंदी १२० सेंटिमीटर. दुसरा, वापरलेला, ३५ एचपीचा, मागच्या दोनच चाकांवर चालणारा, वजन १,७०० किलो, रुंदी १६५ सेंटिमीटर, तासमीटरवर ३,८०० तास.

मी दुसऱ्याच्या बाजूने होतो, हे कबूल करतो. जुनं पण भक्कम यंत्र, सुटे भाग कुठेही मिळणारे, गिअर साधे. वजन सातशे किलोंनी जास्त, म्हणजे नांगरही चालेल. मी तपासायला गेलो तेव्हा इंजिन गार असतानाच चालू करायला लावलं. तापवून ठेवलेलं इंजिन काही सांगत नाही. धूर लवकर स्वच्छ झाला. तेलात दुधाळपणा नव्हता. मागे वजन उचलून इंजिन बंद केलं, तर हायड्रॉलिकचे हात अर्ध्या तासात वीतभर खाली आले. हे फारसं चांगलं नाही, पण सील बदलून भागण्यासारखं. क्लच पेडलचं रबर मात्र तासमीटरच्या मानाने फारच झिजलेलं होतं. तासमीटर केबलवर चालतो आणि केबल तुटते, कधी आपोआप तर कधी नाही. तरीही मी त्याच्याच बाजूने बोललो.

ओढीचा हिशेब नीट केला तेव्हा माझं पहिलं पान फाटलं. १,७०० किलोंपैकी मागच्या चाकांवर येतं साधारण १,१००. त्याचे ४५ टक्के म्हणजे ५०० च्या आसपास. १,००० किलोंच्या ट्रॅक्टरची चारही चाकं ओढतात, म्हणजे ४५०. सातशे किलो लोखंड जास्त घेऊन ओढीत फरक पन्नास किलोंचा! काम करताना मागे सरकणारं वजन धरलं तर जुना आणखी थोडा पुढे जातो, पण एका फाळाचे दोन फाळ होत नाहीत. आणि ते सातशे किलो दर फेरीला रान तुडवणार. वरचा थर टायरच्या हवेच्या दाबाने आवळतो, पण खालचा थर आवळतो तो ॲक्सलवरच्या एकूण भाराने, आणि खालचा थर पुन्हा मोकळा करणं फार कष्टाचं.

दुसरं पान वहिनींनी फाडलं. आम्ही दोघं कागदावर भांडत असताना त्यांनी कळकाची काठी १६५ सेंटिमीटरवर कापली, ती खांद्याच्या उंचीवर आडवी धरली आणि बागेत शिरल्या. ओळींमधलं अंतर ४ मीटर, पण ते खोडापासून खोडापर्यंतचं. फांद्या दोन्ही बाजूंनी मीटरभर पुढे आलेल्या. पहिल्या तीन ओळींत काठी कशीबशी गेली, चौथीत अडकली, उताराकडच्या ओळींत शिरलीच नाही. परत येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "फळं धरल्यावर फांद्या अजून वाकतात, भाऊजी." मी साध्या टेपने ट्रॅक्टर मोजला होता, पण बाग मोजली नव्हती.

मग त्यांनीच दुसरी काठी कापली, १२० ची. ती सगळीकडे फिरली. मोकळ्या रानातही ही रुंदी जुळली. त्यांचे वाफे एका सरीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १२० सेंटिमीटरचे. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर वाढवून १२० करता येत होतं, म्हणजे चाकं सरीतून आणि पोट वाफ्यावरून. ही गोष्ट विकणारा कधीच सांगत नाही, आणि घेणारा विचारत नाही.

रुंदी ठरल्यावर बाकीच्या बाबी पटापट मिटल्या. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, सहा खाचांचा, म्हणजे कोणतंही नेहमीचं अवजार जोडता येईल. २७ एचपीच्या इंजिनातून पीटीओवर साधारण २३ मिळतात, १.२ मीटरच्या रोटाव्हेटरला तेवढे पुरे. तीन बिंदूंची जोडणी पहिल्या श्रेणीची, खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या. याहून लहान ट्रॅक्टरांत अरुंद जोडणी असते आणि भाड्याने किंवा उसनं आणलेलं अवजार बसत नाही, तेवढं बघून घेतलं. क्लच दुहेरी हवा यावर मात्र मी अडून बसलो. एकेरी क्लचमध्ये गिअर बदलायला पाय दाबला की पीटीओही थांबतो, त्यामुळे गवत कापणी आणि फवारणीत दर वळणावर पंचाईत होते. उलट, गवत कापणीचं जड पातं फिरत असेल तर तेच ट्रॅक्टरला पुढे ढकलतं. वहिनीही चालवणार होत्या, म्हणून त्यांना बसवूनच पाहिलं. क्लच तळापर्यंत दाबताना पाठ सीटवरून सुटते का? सुटत होती. सीट दोन खाचा पुढे घेतल्यावर जमलं.

पैशांचं बोलायला हवं, कारण तिथे आमचा हिशेब काठावर होता. वर्षाच्या कामांचे तास मांडले. रोटाव्हेटर १८, सऱ्या-वाफे ८, बागेतलं गवत १७, फवारणी २५, ओढकाम ६०, किरकोळ २०. एकूण १४८. भाड्याचा ताशी दर १०० धरला (हे रुपये नव्हेत, तुलनेपुरतं माप) तर स्वतःच्या ट्रॅक्टरचं डिझेल, तेल आणि दुरुस्ती मिळून ४० च्या घरात जात होतं. २७ एचपीचं इंजिन मध्यम भाराला तासाला ३ लिटरच्या आसपास डिझेल पितं. म्हणजे तासाला ६० वाचतात, वर्षाला सुमारे ९,०००. याच मापात घसारा, व्याज, विमा आणि निवारा मिळून वर्षाचा ठरलेला खर्च बसला तर ट्रॅक्टर परवडला. नव्या लहान ट्रॅक्टरचा खर्च अवजारांसह या रेषेच्या थोडा वर जात होता. ५० एचपीचा जवळपास दुपटीला. जुना ३५ चा मात्र आरामात आत बसत होता, आणि काठी फिरली नसती तर मी त्यावरच शिक्का मारला असता.

रेषेच्या वर जाणारा थोडा भाग म्हणजे वाफशाची किंमत. सहापैकी चार हंगाम ढेकळांत पेरलेल्या रानाचं नुकसान त्याहून जास्त होतं की नाही, हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्याने एका दमात सांगितलं, "जास्त होतं."

ठरलं असं: २७ एचपीचा, चारचाकी ओढीचा. त्याच्यासोबत रोटाव्हेटर, सऱ्या पाडायचं अवजार, गवत कापणी यंत्र, छोटा ट्रेलर आणि ३०० लिटरचा फवारा. नांगर घ्यायचा नाही, नांगरट भाड्यानेच. पैसे संपले की अवजारं उधारीवर घेऊ, हा दादाचा बेत मी हाणून पाडला. अवजारांशिवायचा ट्रॅक्टर ही महागडी खुर्ची आहे. अवजारं धरून बजेट, आणि उरेल त्यात ट्रॅक्टर, या क्रमाने आम्ही गेलो.

पहिला हंगाम झाला. पेरणीपूर्व पाळी वाफशात झाली, तीही दोन सकाळींत. पण उताराच्या ओळींत पहिल्याच फवारणीला वहिनींनी फोन केला, "चढावर स्टिअरिंग फिरतंय, ट्रॅक्टर वळत नाही." ही चूक माझी. उचलायची क्षमता मी पाहिली होती, आणि तीही जरा भोळेपणाने. माहितीपत्रकातला आकडा बऱ्याचदा हातांच्या टोकाशी मोजलेला असतो, भार मात्र त्यामागे दीड-दोन फुटांवर असतो. चाचण्यांमध्ये याचसाठी ६१० मिलिमीटर मागेही मोजतात. पुढच्या चाकांवर काय उरतं, हे तर मी मोजलंच नव्हतं. भरलेला फवारा ४१० किलोंचा, मागच्या ॲक्सलपासून सव्वा मीटर मागे. पुढचा-मागचा ॲक्सल दीड मीटर अंतरावर. ४१० गुणिले १.२५, भागिले १.५, म्हणजे पुढच्या चाकांवरून ३४२ किलो उचलले जातात. तिथे मुळात होते ४२०. उरले ७८. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा भाग पुढे राहावा असा संकेत आहे, म्हणजे २०० हवेत. चढावर तर उरलेल्यातूनही मागे सरकतं.

पुढे शंभर किलोंची वजनं लावली. ती पुढच्या ॲक्सलच्याही अर्धा मीटर पुढे असल्याने तिथे १३३ किलोंचं काम करतात, आणि आकडा २११ वर जातो. शिवाय चढावर टाकी अर्धीच भरायची असं ठरलं. ती वजनं पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सीटमागची संरक्षक कमान. ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंदही लागत नाही, उडी मारायला वेळच नसतो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर अशी संरक्षक चौकट १९५९ मध्येच सक्तीची केली. ती वाचवते, पण सीटबेल्ट बांधलेला असेल आणि कमान उभी असेल तरच. फांद्यांखाली ती पाडावीच लागते. आणि बागेतून बाहेर पडल्यावर ती पुन्हा उभी करायला दोन पिना काढून घालाव्या लागतात, म्हणून दादा ती तशीच ठेवतो, बांधावर चढतानाही. वहिनींनी कमानीला लाल फडकं बांधलंय. कमान पाडली की ते फडकं सीटच्या उंचीवर लोंबतं आणि चालवणाऱ्याच्या मानेला लागतं. गेल्या वेळी गेलो तेव्हा दादाने ते फडकं गाठ मारून आखूड केलेलं दिसलं. वहिनींनी नवं, लांब बांधलं.